मका ते इथेनॉल : हिशोबात ४४६ लिटर, टाकीत ३८०. मधले ६६ कुठे जातात?

ताळेबंद
धान्यावर चालणाऱ्या इथेनॉल प्रकल्पांच्या अहवालांत 'मक्याच्या टनाला ३८० लिटर' हा आकडा इतका रुळला आहे की तो कुणी उलगडून बघत नाही. हिशोब मांडतो, चूक दिसली तर सांगा.

१४ टक्के ओलाव्याच्या मक्यात साधारण ६२ टक्के स्टार्च, म्हणजे टनाला ६२० किलो. स्टार्च फुटून ग्लुकोज होताना त्यात पाणी जोडलं जातं आणि वजन १.११ पट होतं : ६८९ किलो. त्याच्या ०.५११ पट इथेनॉल : ३५२ किलो. घनता ०.७८९ धरली की ४४६ लिटर.

यातल्या ६६ लिटरपैकी अटळ किती आणि कारखान्याच्या हातातलं किती? डोळ्यांसमोर रोज १ लाख लिटरचा प्रकल्प आहे, तळोजा ते महाड या पट्ट्यात. मका येणार नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर भागातून. ३८० धरले तर रोज २६३ टन मका लागतो आणि लिटरमागे २.६३ किलो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये. त्या भावाने नुसत्या मक्याचाच खर्च लिटरला ६३ रुपये होतो. जानेवारी २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये दर दिला. उरतात पावणेनऊ रुपये, त्यात वाफ, वीज, एन्झाइम, पगार, व्याज. दहा लिटर कमी उतरले, ३७० झाले, की लिटरमागे १ रुपया ७० पैसे गेले. रोजचे १ लाख ७० हजार. म्हणून विचारतोय.

दाणाबंदर
पहिली गळती वजनकाट्यावरच होते आणि ती तुमच्या ६६ लिटरमध्ये धरलेलीच नाही. कोरड्या मक्यात ७२ टक्के स्टार्च धरा. ओलावा १४ असेल तर टनाला ६१९ किलो, १८ असेल तर ५९०. तोच ट्रक, तीच पोती, पण टनाला वीस लिटर कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवा खरीप मका येतो तेव्हा १८-२० टक्के ओलावा सर्रास असतो. खरेदी 'कोरड्या स्टार्चच्या किलोवर' करा, निदान ओलाव्याच्या टक्क्याला ठरलेली कपात तरी करारात घाला.

दुसरं, पोत्याच्या तोंडाचा नमुना घेऊ नका. बांबी (नमुना काढायची टोकदार नळी) मारायची ती थप्पीच्या आतल्या पोत्यांत, ट्रकच्या मधल्या आणि खालच्या थरात. वरची पोती नेहमी चांगलीच असतात.

चाळण
@दाणाबंदर, +१. आणि साफसफाईत जाणारं वेगळं धरा. खडे, माती, बुरकुंड्याचे तुकडे, पोत्याची सुतळी मिळून एक-दीड टक्का जातं. टनाला पाच-सहा लिटर तिथेच संपले. पण या पायरीत हात आखडू नका. डीस्टोनर (खडे वेगळे करणारं यंत्र) आणि लोहचुंबक चुकवून एक नट हॅमर मिलमध्ये (दाणा भरडणाऱ्या हातोड्यांच्या गिरणीत) गेला की जाळी फाटते, ठिणगी पडते, आणि हवेत उडणारं पीठ पेट घेतं. धान्याच्या पिठाचा स्फोट ही खरी भीती आहे. मिलच्या धूळ-पिशव्यांना स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप हवी आणि लोखंडी भागांना अर्थिंग हवं.

माहुल रोड
ताळेबंद, गणित बरोबर आहे. फक्त ०.५११ हा कागदी गुणोत्तराचा आकडा आहे. यीस्टला स्वतःलाही जगायचं असतं, त्यामुळे तो कुठल्याच टाकीत पूर्ण मिळत नाही.

विरजण
जैविक बाजू मी लिहितो.

यीस्ट साखरेचा काही भाग स्वतःच्या वाढीवर खर्च करतं आणि काही ग्लिसरॉल करतं. ग्लिसरॉल ही त्याची ताणावरची ढाल आहे. टाकीत एकदम जास्त ग्लुकोज सुटलं, उष्णता वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला की ग्लिसरॉल वाढतं. १२ टक्के अल्कोहोलपर्यंत जाणाऱ्या वॉशमध्ये (आंबवलेल्या रसात) ते ०.८ ते १ टक्का असतं. टनामागे वॉश ३.२ घनमीटर धरला तर २५ ते ३२ किलो ग्लिसरॉल, म्हणजे १६ ते २० लिटर इथेनॉलची साखर तिकडे गेली. यीस्टच्या वाढीत आणखी दहा-बारा. हे तीसेक लिटर बऱ्याच अंशी अटळ आहेत.

ते कमी करायचा एकच सरळ मार्ग : स्टार्चची पूर्ण साखर आधी करून मग यीस्ट घालायचं नाही. ग्लुकोअमायलेज (ग्लुकोज सुटं करणारं एन्झाइम) आणि यीस्ट एकाच टाकीत, एकाच वेळी. साखर सुटेल तशी यीस्ट खात जातं, ताण येत नाही. नत्रासाठी युरिया लागतोच, पण ते हिशोबात द्या. कमी पडला तर ४० तासांनंतर आंबवण रेंगाळतं.

नवशिका_ठाणे
छान चाललंय. पण मधल्या पायऱ्या कुणी क्रमाने सांगेल का? लिक्विफॅक्शनमध्ये नक्की काय होतं?

चाळण
@नवशिका_ठाणे, क्रमाने सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त टाळता येण्याजोगी गळती इथेच आहे.

दाणा हॅमर मिलमध्ये एक ते दीड मिलिमीटरच्या जाळीतून भरडायचा. जाड राहिला तर कणाच्या गाभ्यातला स्टार्च एन्झाइमला सापडतच नाही आणि शेवटी चोथ्यात निघतो. फार बारीक केला तर डिकँटरमध्ये (चोथा आणि पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रात) बारीक गाळ पाण्याबरोबर जातो, थिन स्लॉप, म्हणजे ते चोथा काढलेलं पाणी, दाट होतं आणि ते आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या लिंपतात. म्हणून चाळण्यांची उतरंड लावून पिठाची तपासणी रोज, प्रत्येक पाळीत करायची. हातोड्यांच्या कडा झिजल्या की पीठ हळूहळू जाड होत जातं, एका दिवसात कळत नाही. कडा गोल झाल्या की हातोडे उलटे लावायचे.

मग पीठ गरम पाण्यात कालवायचं, घन भाग २८ टक्क्यांपर्यंत. पीएच ५.५ ते ५.८. अल्फा अमायलेजचा (स्टार्चच्या साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमचा) काही भाग इथेच घालायचा, नाहीतर पुढे स्लरी इतकी घट्ट होते की पंप ओढत नाही. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांत फुगतो, त्या टप्प्यात चिकटपणा शिगेला जातो. जेट कुकरमध्ये वाफ मारून १०५ ते ११० अंश, काही मिनिटं धरून फ्लॅश टाकीत ८५ ते ९० वर आणायचं, उरलेलं एन्झाइम घालायचं आणि दीड-दोन तास ठेवायचं. लांब साखळ्यांचे तुकडे होतात, रस पातळ होतो, हेच लिक्विफॅक्शन. मग ३२ अंशांपर्यंत थंड करून पीएच साडेचारच्या आसपास आणायचा आणि फर्मेंटरमध्ये सोडायचं.

पीठ कालवताना गाठी झाल्या तर खेळ संपला. गाठीच्या बाहेर शिजलेल्या पिठाचं कवच तयार होतं आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं, पिठल्यातल्या गाठीसारखं. पुढे कितीही एन्झाइम घाला, ते आत जात नाही. पण त्या गाठीत बसलेले जंतू मात्र शिजवणीतून जिवंत सुटतात आणि फर्मेंटरमध्ये पोचतात.

कळंबोली_लॅब
चाळण यांच्या पोस्टला जोड. आयोडीन चाचणीने लिक्विफॅक्शन झालं की नाही बघतात. निळा रंग आला तर स्टार्च शिल्लक, तांबूस-तपकिरी किंवा आयोडीनचाच पिवळा राहिला तर काम झालं. पण नमुना थंड करून आयोडीन टाका. गरम नमुन्यात निळा रंग टिकत नाही आणि 'पास' असा खोटा निकाल मिळतो. ८५ अंशांचा नमुना टाकीजवळच तपासून वहीत 'ठीक' लिहायचं, हा प्रकार बंद झाला पाहिजे.

आणखी एक. पीएच उतरवायला सल्फ्युरिक आम्ल सढळ वापरलं तर पुढे इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत कॅल्शियम सल्फेटची खपली बसते आणि ती कॉस्टिकने निघत नाही. पाणी कठीण असेल तर जास्तच.

ज्वारीवाला
सगळे मक्यावरच का? पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी बाजारात खायला कुणी घेत नाही. तिचं इथेनॉल करणं शेतकऱ्याच्या दृष्टीने जास्त न्याय्य आहे. २००७ मध्ये राज्याने धान्यापासून अल्कोहोलच्या प्रकल्पांना अनुदान देण्याची योजना आणली तेव्हाही हाच मुद्दा पुढे होता. त्यावर वाद झाला हे खरं, पण काळ्या ज्वारीचा प्रश्न तिथेच राहिला.

चाळण
@ज्वारीवाला, ज्वारी चालते, पण मक्याची कृती जशीच्या तशी लावली की उतारा पडतो. ज्वारीतलं काफिरिन हे प्रथिन शिजताना आपसांत घट्ट बांधलं जातं आणि स्टार्चच्या कणांभोवती जाळं करतं. स्टार्च फुगायलाही मक्यापेक्षा थोडी जास्त उष्णता लागते. उपाय म्हणजे पीठ थोडं बारीक आणि जोडीला प्रोटीएझ एन्झाइम. त्याने जाळं सुटतं आणि वर यीस्टला नत्रही मिळतं, युरिया कमी लागतो. मात्र बुरशीने पोखरलेल्या दाण्यात मुळात स्टार्चच कमी असतो. भाव ठरवताना ते बघा.

कोंबडीखाद्य
धाग्यात तांत्रिक चर्चा छान आहे, पण दुसरी बाजू मांडणं भाग आहे. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलला देणं थांबलं, डिसेंबरमध्ये उसाच्या रसावर बंधनं आली, आणि सगळा भार मक्यावर आला. मका हे कोंबडीखाद्याचं मुख्य धान्य. २०२४ मध्ये भारत मका निर्यात करणाऱ्याचा आयात करणारा झाला. अंडं महागलं की त्याची झळ कुर्ला-मानखुर्दच्या घरांत बसते, इथेनॉलच्या तक्त्यात ती कुठे दिसत नाही.

ज्वारीवाला
पण त्याच काळात मका उत्पादकाला हमीभावाच्या वर दर दिसला, तेही सांगा ना. लष्करी अळीची फवारणी, मजुरी, काढणी, सगळं तोच सोसतो.

कोंबडीखाद्य
मान्य, शेतकऱ्याचा दर पडावा असं मीही म्हणत नाही. मात्र मक्याला जे मिळालं ते सोयाबीनचं गेलं. डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला, वाळवलेला चोथा) स्वस्तात आलं आणि सोयापेंडीची मागणी घटली. मराठवाड्यातला जो शेतकरी मका लावत नाही, सोयाबीन लावतो, त्याला हा फटका आहे.

आणि डीडीजीएस म्हणजे सोयापेंड नव्हे. तंतू जास्त, लायसिन (प्रथिनातला गरजेचा घटक) कमी. ड्रायरमध्ये जास्त भाजलं की रंग काळपट होतो आणि होतं तेवढं लायसिनही पचत नाही. सोनेरी, गोडसर वासाचा माल घ्या, करपट वासाचा नको. सगळ्यात महत्त्वाचं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष : स्टार्च निघून गेल्यावर दाण्यातलं विष एक तृतीयांश वजनात गोळा होतं, म्हणजे सुमारे तिप्पट. आंबवणं, उकळणं, कशानेच ते मरत नाही. मक्यात १० पीपीबी (अब्जात १० भाग) असेल तर डीडीजीएसमध्ये ३०. पशुखाद्याच्या मानकात त्यातल्या बी-१ या प्रकाराची मर्यादा २० आहे. म्हणजे 'खायला नालायक म्हणून इथेनॉलला' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. अल्कोहोल स्वच्छ निघतो, विष खाद्यात जातं.

दाणाबंदर
कोंबडीखाद्य यांचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक खरेदी विभागाच्या भिंतीवर लावावा. गेटवर अफ्लाटॉक्सिनची पट्टी-चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. ट्रक परत पाठवायचा अधिकार गेटवरच्या माणसाला हवा.

वाफ
मूळ प्रश्नातला 'तळोजा ते महाड' हा भाग सगळ्यांनी सोडून दिला आहे. किनाऱ्यावर खरी अडचण थंडाव्याची आहे.

एक किलो ग्लुकोज आंबताना ५०० ते ६०० किलोज्यूल उष्णता सुटते. रोज २६३ टन मक्यासाठी सरासरी एक मेगावॉटच्या आसपास उष्णता फर्मेंटरांतून काढावी लागते, आणि १२ ते २४ तासांच्या भरात एका टाकीचा भार सरासरीच्या दुप्पटही होतो. टाकी ३२-३३ अंशांवर ठेवायची आहे. मे-जूनमध्ये मुंबईच्या हवेत वेट बल्ब (ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा, दमट हवेत तो जास्त) २७-२८ असतो. कूलिंग टॉवर त्याच्या तीन-चार अंश वरच पाणी देऊ शकतो, म्हणजे ३१-३२. एक अंशाच्या फरकावर प्लेट हीट एक्स्चेंजर काय करणार? खान्देशात दुपारी ४३ अंश तापलं तरी हवा कोरडी असते, वेट बल्ब खाली असतो आणि तोच टॉवर तिथे गार पाणी देतो. नाशिक-जळगावसाठी काढलेला आराखडा तळोज्यात तसाच उभा केला तर पावसाळ्याच्या तोंडावर टाक्या ३६-३७ वर जातील. आठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल आणि ३५ च्या वर तापमान, हे दोन्ही एकत्र यीस्टला झेपत नाही. साखर तशीच उरते.

उपाय : फर्मेंटरसाठी वेगळा चिलर, शक्यतो टाकाऊ वाफेवर चालणारा शोषण चिलर. टाक्या एकामागून एक ठराविक अंतराने भरायच्या, दोघींचा भर एकाच वेळी येऊ द्यायचा नाही. आणि भरताना रस ३० अंशांवर घ्यायचा, म्हणजे वर चढायला जागा राहते.

विरजण
@वाफ, अगदी बरोबर. टाकी तापली की दुसरं संकट लॅक्टोबॅसिलस या आम्ल करणाऱ्या जंतूंचं, त्यांना ३७ अंश मानवतात. लॅक्टिक आम्ल ०.२ टक्क्यांच्या पुढे किंवा ॲसेटिक ०.०५ च्या पुढे गेलं की यीस्ट मंदावायला लागतं. जंतू बसतात ते पाइपच्या आंधळ्या फांद्यांत, एक्स्चेंजरच्या प्लेटांत आणि नमुन्याच्या नळात. दोन-तीन टक्के कॉस्टिक ८० अंशांवर फिरवून धुणं प्रत्येक टाकीनंतर. प्रतिजैविकं ओतून वेळ मारून नेऊ नका, त्यांचे अंश खाद्यात उतरतात.

माहुल रोड
थोडं पुढच्या टोकाचं. साध्या डिस्टिलेशनने वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. पुढचं पाणी मॉलिक्युलर सिव्हने काढतात : ३ अँगस्ट्रॉमच्या छिद्रांचे झिओलाइटचे मणी, पाण्याचा रेणू आत जातो, इथेनॉलचा जात नाही. वाफ अतितप्त हवीच. द्रवाचे थेंब आले की मणी फुटून भुकटी होते, गाळण्या तुंबतात, आणि उत्पादन ९९.५ च्या खाली घसरतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर ते चालत नाही. मिश्रण रिफायनरीत नाही, वितरण डेपोत होतं आणि टँकर उतरवण्याआधी घनता आणि आम्लता तपासतात. आम्लतेची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. विरजण यांनी सांगितलेला जंतुसंसर्ग इथे परत भेटतो, कारण ॲसेटिक आम्लाचा थोडा अंश वर चढतो.

सायन-पनवेल
ई-२० ने गाडीचं ॲव्हरेज किती पडतं हो? एकजण म्हणतो वीस टक्के.

माहुल रोड
@सायन-पनवेल, उष्मांकावरून काढा. पेट्रोल लिटरला ३२ मेगाज्यूल, इथेनॉल २१. वीस टक्के मिश्रण म्हणजे २९.८, सहा-सात टक्के घट. इंजिन ई-२० साठी जुळवलेलं असेल तर वाढलेल्या ऑक्टेनमुळे थोडं परत मिळतं. वीस टक्के नाही. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर मात्र बघा. पाणी शिरून मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पाण्यासकट तळाशी वेगळं होतं आणि गाडी तळाचंच ओढते.

नवशिका_ठाणे
शिकायला म्हणून गच्चीवर पाच-दहा लिटरचा प्रयोग करता येईल का?

कळंबोली_लॅब
आंबवणं आणि गाळणं दोन्ही परवान्याशिवाय गुन्हा आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, हेतू इंधनाचा असला तरी. शिवाय इथेनॉलची वाफ १३ अंशांवरच पेट घेऊ शकते, हवेत ३.३ ते १९ टक्के असली की स्फोट, आणि उन्हात ज्योत जवळजवळ दिसत नाही. सोसायटीच्या गच्चीवर अजिबात नको. शिकायचंच असेल तर पुण्याजवळच्या मांजरी इथली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) बघा, तिथे या विषयावर रीतसर काम चालतं.

ताळेबंद
सगळ्यांचे आभार. वरच्या पोस्टी आणि थोडा माझा अंदाज मिळून जमवतो : साफसफाई ६, चोथ्यात राहिलेला स्टार्च १५, यीस्ट आणि ग्लिसरॉल ३०, न आंबलेली साखर ०.३ टक्के म्हणजे ६, डिस्टिलेशन आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर जाणारं ४. बेरीज ६१, उरतात ३८५. म्हणजे यीस्टचे तीस सोडले तर निम्मी गळती हातातली दिसते. पण चोथ्यातले १५ हा आकडा रोज तपासायचा कसा?

कळंबोली_लॅब
डीडीजीएसमधला स्टार्च मोजा. टनाला ३०० किलो डीडीजीएस धरलं तर त्यातला प्रत्येक एक टक्का स्टार्च म्हणजे ३ किलो, म्हणजे सव्वादोन लिटर इथेनॉल. पाच टक्के निघाला तर अकरा लिटर, सातच्या पुढे गेला तर मिल आणि लिक्विफॅक्शन तपासायला घ्या. हिशोब डीडीजीएसवर मांडला, पण रोजचा नमुना डिकँटरच्या ओल्या चोथ्याचा घ्या, ड्रायरनंतरचा नको. ड्रायरमध्ये सिरप (आटवलेलं थिन स्लॉप) मिसळलेलं असतं, आकडा फसवा येतो. ओल्या चोथ्यात अख्खे दाण्याचे तुकडे दिसले तर प्रयोगशाळेची वाटही बघू नका, जाळी फाटली आहे.

वाफ
आणि कार्बन डायऑक्साइडचा स्क्रबर (वायू पाण्याने धुऊन त्यातलं अल्कोहोल परत घेणारा) चालू आहे ना, ते बघा. लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो वायू निघतो आणि टाकी जितकी गरम तितकं त्यात अल्कोहोल जास्त. स्क्रबरचं पाणी परत वॉशमध्ये घ्यायचं.

कोंबडीखाद्य
एक विनंती. डीडीजीएस गरम असताना पोती शिवू नका. ओलावा १० टक्के असला तरी ५०-५५ अंशांचा माल पोत्यात गेला की कोकणच्या हवेत आतून घाम येतो, ढेकळं होतात, बुरशी धरते. आधी कूलरमधून काढून हवेच्या तापमानाजवळ आणा, खाली लाकडी पाट, भिंतीपासून हातभर अंतर, आणि जून ते सप्टेंबर साठा दोन आठवड्यांवर जाऊ देऊ नका.

ताळेबंद
नोंद केली. कूलर आराखड्यात नव्हता, घालतो.